डोणीच्या शोधात जालना

स्वयंपाकघरातल्या ज्या खळग्यात आपण दिवसातून तीन वेळा खरकटी भांडी टाकतो, त्याला मराठीत धड नाव नाही. मराठीच्या प्राध्यापकाला ही गोष्ट शोभणारी नसली तरी खरी आहे. 'सिंक' म्हणावे, तर तो शब्द इंग्रजांचा. 'मोरी' म्हणावे, तर मोरीत बसून भांडी घासायची आणि सिंकपुढे उभे राहून. शिवाय मोरी म्हटले की नव्या पिढीला आपोआप वास येऊ लागतो. 'न्हाणी'त माणसे न्हातात. राहता राहिला एक जुना शब्द, डोणी. संस्कृतातली 'द्रोणी' म्हणजे लाकडाचे किंवा दगडाचे कोरलेले पात्र. तीच आपल्या खेड्यापाड्यांत दोण, डोण, डोणी झाली. विहिरीपाशी गुरांना पाणी पाजायला ती असे आणि बऱ्यापैकी घरांत परसदारी भांडी घासायलाही असे. इंग्लंडच्या उत्तर भागातही पूर्वी असे पात्र दगडाचेच असे आणि तिथली माणसे त्याला 'स्लॉपस्टोन' म्हणत. एकूण, भांडी घासायची सोय करताना दोन्हीकडच्या माणसांना आधी दगडच आठवला.

हे शब्दपुराण सुचण्याचे कारण मात्र अगदी व्यावहारिक होते. पुण्यातल्या आमच्या सदनिकेचे स्वयंपाकघर वीस वर्षांनी नवे करायचे ठरले, आणि ओटा कुठला, फरशा कुठल्या, हे सगळे दोन दिवसांत उरकल्यावर सौभाग्यवतींनी जाहीर केले की, सिंक दगडाचे हवे. पत्र्याच्या सिंकमध्ये वाटी पडली तरी शेजारच्या बिऱ्हाडाला कळते, ही त्यांची जुनी तक्रार. मला ती मान्य होती. परीक्षेचे पेपर तपासताना तो आवाज मीही ऐकला आहे.

मग आम्ही दुकाने पालथी घातली. दगडाच्या सिंकचेही प्रकार असतात, हे तिथे कळले. पहिल्या दुकानात 'ग्रॅनाईट सिंक' म्हणून जे दाखवले ते दिसायला झकास होते. पण खोदून विचारल्यावर विक्रेत्याने सांगितले की, ते डोंगरातून काढलेले नसून साच्यातून काढलेले आहे. गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, बारीक चुरा सुमारे ऐंशी टक्के आणि बाकी त्याला धरून ठेवणारी राळ. वस्तू टिकाऊ खरी, पण तिला दगड म्हणणे म्हणजे बुंदीच्या लाडवाला हरभरा म्हणण्यासारखे. दुसऱ्या दुकानात संगमरवर होता, पांढराशुभ्र. तिसऱ्या ठिकाणी नदीतला भला मोठा गोटा आतून कोरून केलेले इंडोनेशियाचे पात्र होते. त्याची किंमत ऐकून आम्ही त्याला दुरूनच नमस्कार केला. चौथ्याने कडप्पाच्या पाट्या जोडून सिंक करून देतो म्हटले. चार दुकानांत चार दगड, आणि चौघांचे एकच म्हणणे : "साहेब, लाइफटाइम!"

परतताना सौ. म्हणाल्या, "अहो, आमच्या आईकडे दगडाची डोणी आहे. तिला कुणी गॅरंटी दिली नव्हती, पण माझ्या आजीपासून ती चालली आहे. विकत घेण्याआधी एकदा तीच बघून येऊ या की!"

त्यांचे माहेर जालना जिल्ह्यातले, अंबड तालुक्यातले. उन्हाळी सुटी लागलीच होती. तेव्हा दगड पाहायला, आणि जमल्यास सासुरवाडीचा पाहुणचार झोडायला, आम्ही निघालो.

छत्रपती संभाजीनगर सोडले की जालन्यापर्यंत साठेक किलोमीटरचा रस्ता. वैशाखाच्या दिवसांत या रस्त्यावर डोळ्यांना सुखवणारे फारसे काही नसते. नांगरून टाकलेली काळी राने, मधूनच मोसंबीची एखादी हिरवी बाग, आणि क्षितिजावर बसक्या, माथा तासल्यासारख्या टेकड्या. बदनापूर लागते, तिथल्या कृषी संशोधन केंद्राच्या तुरीच्या वाणांनी मराठवाड्याच्या आमटीची सोय केली आहे. पण दगड शोधायला निघालेल्या माणसाने या रस्त्यावर खाली पाहावे. जिथे रस्त्यासाठी टेकडी कापली आहे तिथे पृथ्वीच्या पोथीची पाने उघडी पडली आहेत. वर हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, आणि मुरमाखाली काळा कुळकुळीत कातळ.

हा कातळ म्हणजे सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरांवर थर वाहिलेला आणि थिजलेला लाव्हा. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात, आपण काळा पाषाण म्हणतो. महाराष्ट्राचा फार मोठा भाग याच दगडावर वसला आहे. वेरूळचे कैलास लेणे याच दगडात, रायगडचा कडा याच दगडाचा, आणि तुमच्या आजीचा पाटा-वरवंटाही बहुधा याच दगडाचा. सगळेच थर मात्र सारखे नसतात. लाव्हा थिजताना ज्या थरात वाफेचे बुडबुडे अडकले तो थर मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र झाला. पुढे त्या छिद्रांत पांढरे स्फटिक भरले. ज्या थरात बुडबुडे राहिले नाहीत तो घट्ट, जड आणि एकजीव. डोणी करायची ती या दुसऱ्या दगडाची. पहिल्यात भाताची शिते अडकून बसतील.

जालना हे कुंडलिका नदीच्या काठचे जुने व्यापारी शहर. 'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात ठाऊक नाही असा माणूस विरळा. १ मे १९८१ रोजी हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याआधी तो औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. परतूरकडचा मुलूख तेवढा परभणीतून आला. आज शहराची ओळख म्हणजे बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडी सळयांचे कारखाने. आमचे मेहुणे स्टेशनवर घ्यायला येतो म्हणाले होते; आम्ही मोटारीने आलो म्हणून ते नाक्यावर येऊन उभे होते. आमचा हेतू ऐकताच ते म्हणाले, "भावजी, अख्ख्या महाराष्ट्राच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई आहे, आणि तुम्ही स्टीलच्या गावात दगड शोधायला आलात?"

मी म्हटले, "सळईची सिंक होत नाही ना!"

पण गावात फिरताना लक्षात आले की जालन्याची खरी कहाणी सोन्याची नाही आणि स्टीलचीही नाही. ती पाण्याची आहे. शहराच्या पश्चिमेला मोती तलाव आहे. जमशेदखान नावाच्या अधिकाऱ्याने तो बांधला आणि त्यातून जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांना पाणी पुरवले, असे जुनी गॅझेटियरे सांगतात. पुढे निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा जलाशय झाला. तो शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी आपल्या वजनाने, नुसत्या उताराने शहरात यावे अशी योजना. आमच्या काळात पैठणच्या जायकवाडी धरणातून लांबलचक नळ टाकून पाणी आणावे लागले. जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर. पण वाईट वर्षी तो चारशे-साडेचारशेवरही येतो. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. मुलासारखी वाढवलेली झाडे शेतकऱ्यांनी तोडून सरपणाला घातली. मेहुण्यांच्या घरात अजूनही नळ आला की हंडे, पिंपे, कळशा भरून ठेवायची घाई उडते. वहिनींना विचारले तर म्हणाल्या, "पाणी आलं की झोप येत नाही बघा, भरून झाल्याशिवाय."

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी आम्हाला त्यांच्या ओळखीच्या एका फरशीच्या वखारीत नेले. वखारवाले गृहस्थ वयस्क आणि बोलके. सौ.नी आपला प्रश्न सांगितला. त्यांनी उत्तर न देता पोऱ्याला लिंबू आणायला पाठवले. मला वाटले, सरबत येणार. पण त्यांनी लिंबू चिरले आणि ओळीने मांडलेल्या पाच-सहा तुकड्यांवर चार-चार थेंब पिळले. मग चहा मागवला. चहा संपल्यावर फडक्याने सगळे तुकडे पुसले आणि म्हणाले, "आता बघा ताई."

संगमरवराची चकाकी जिथे लिंबू पडले तिथे गेली होती. कडप्पावर पांढुरका डाग. कोट्यावर आणि शहाबादीवर तेच. ग्रॅनाईट आणि काळा पाषाण मात्र जसेच्या तसे.

कारण सोपे आहे. मकराण्याचा संगमरवर, राजस्थानातला कोटा, कर्नाटकातली शहाबादी, आंध्रातला कडप्पा, ही मुळात सगळी चुन्याच्या कुळातली मंडळी. लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो, यांतले आम्ल चुन्याला खाते. आता आपल्या स्वयंपाकघराचा विचार करा. वरणात चिंच, कोशिंबिरीत लिंबू, कढीत ताक. आणि पितळेची भांडी तर आपण चिंचेनेच घासत आलो. त्या सगळ्याचे धुवण ज्यात पडायचे ते पात्र संगमरवरी करणे म्हणजे रोज थोडे थोडे झिजवण्यासाठीच ते विकत घेणे. ग्रॅनाईट आणि बेसाल्ट यांचे कूळ वेगळे. त्यांच्यात चुना नाही, म्हणून लिंबाचे त्यांच्यापुढे काही चालत नाही. एवढे मात्र पाहावे की काळ्या दगडात पांढरे ठिपके भरलेले नसावेत, कारण त्या ठिपक्यांत कधी कधी चुन्याचे स्फटिक असतात. ते निघून जातात आणि मागे खड्डे राहतात.

मी गमतीने विचारले, "जालन्यात आहात, मग परीक्षा मोसंबीने का घेत नाही?"

"मोसंबी गोड हो साहेब," ते म्हणाले. "गोड बोलणाऱ्यासमोर कोणाचीच परीक्षा होत नाही."

त्या वखारवाल्यांनीच आम्हाला भोकरदनच्या रस्त्यावरच्या एका कारागिराचा पत्ता दिला. तिकडे जायचेच, तर आधी अन्व्याचे मंदिर पाहून मग परतीच्या वाटेवर त्याला गाठावे, असे ठरले.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर ज्या दात्यांची नावे कोरली आहेत त्यांत इथली माणसे आहेत. १९७३ साली इथे उत्खनन झाले आणि सातवाहनकाळच्या नांदत्या गावाच्या खुणा वर आल्या. महाराष्ट्रातल्या त्या काळच्या अनेक वस्त्यांत पायांचे दगडी पाटे सापडतात. दोन हजार वर्षांपूर्वीची गृहिणीही चटणी काळ्या दगडावरच वाटत होती, हे लक्षात आले की इतिहास एकदम घरातला वाटू लागतो. अन्वा याच तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या बाजूला. बाराव्या शतकाच्या सुमाराचे तिथले मंदिर उंच जोत्यावर उभे आहे. आत आज शिवलिंग आहे आणि बाहेरच्या भिंतींवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या देखण्या मूर्ती आहेत. एरवी मी खांबांची नक्षी पाहत बसलो असतो. पण डोक्यात सिंक असलेल्या माणसाला मंदिरातही सिंकच दिसते. शिवाच्या देवळात अभिषेकाचे पाणी गाभाऱ्यात साचू नये म्हणून दगडी प्रणाल बसवतात, आणि प्रदक्षिणा घालणारा भाविक ते पाणी ओलांडत नाही. वापरून झालेले पाणीदेखील कुठल्या वाटेने कुठे जाते याची आठवण ठेवायची, ही शिकवण आपल्या देवळांनी दगडात कोरून ठेवली आहे. घरात मात्र आपण जाळीखाली पाणी गेले की त्याला विसरतो.

परतताना तो कारागीर भेटला. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीचा आडोसा, समोर मांडलेले पाटे, वरवंटे, खलबत्ते, एक अर्धवट नंदी आणि दोन तुळशीवृंदावने. वय साठीच्या घरात. तीन पिढ्या दगडाचे काम. मिक्सर आल्यापासून पाटा विकला जात नाही, जात्याला टाकी लावायला कोणी बोलावत नाही. आता नंदी आणि वृंदावनांवर दिवस काढायचे. डोणी हवी म्हणताच त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. "लई दिसांनी कोणी डोणी मागितली," म्हणाले.

मी विचारले, "मामा, दगड चांगला हे कसे ओळखायचे?"

"वाजवून." त्यांनी दोन दगडांवर हातोडीची मूठ आपटली. एक घंटेसारखा खणखणीत बोलला, दुसरा फुटक्या मडक्यासारखा बद्द. "ह्याच्या पोटात चीर हाय. वरून दिसत न्हाई. डोणी कोरून झाली अन् शेवटच्या दिवशी दुभंगली, असा दगड हा. म्हणून आधी बोलून घ्यायचं त्याच्याशी."

मग त्यांनी दगडावर पाणी शिंपडले. चांगल्या दगडावर पाणी वर राहते आणि हळूहळू वाळते. ज्यात ते लगेच जिरते तो दगड तेल आणि हळदही तसेच पिऊन टाकतो. दुकानांत चार-चार तास घालवून जे कळले नव्हते ते लिंबू, हातोडी आणि ओंजळभर पाणी यांनी दोन दिवसांत कळले.

माप ठरवताना मात्र खरी चर्चा झाली. सौ.ना बाजारात पाहिलेले दोन फूट लांब, दीड फूट रुंद असे माप हवे होते. मी कागदावर हिशेब मांडला. बाहेरून चोवीस इंच, अठरा इंच आणि आठ इंच खोल, भिंती आणि तळ दीड इंच जाड धरला, तर मूळ ठोकळा दीडशे किलोच्या वर भरतो आणि कोरून झालेली डोणी पासष्ट किलोच्या आसपास. जवळजवळ शंभर किलो दगड नुसता टवक्यांनी काढायचा. मामा म्हणाले, "आठ-नऊ दिस. कडा यंत्राने कापीन, पोट मातुर टाकीनंच काढीन." यंत्र चालवताना ते दगडावर पाण्याची धार धरतात. दगडाची कोरडी धूळ छातीत बसते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. बरोबरीची माणसे खोकताना त्यांनी पाहिली आहेत. याच धुळीपायी ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून क्वार्ट्झच्या कृत्रिम पाट्यांवर बंदी घातली. कापणाऱ्यांची फुप्फुसे निकामी होत होती. आपल्या ओट्याची चकाकी कोणाच्या छातीतून येते, हेही घेणाऱ्याने एकदा विचारावे.

खोली किती ठेवायची, हा प्रश्न तेवढा सुटेना. आजकालची सिंके नऊ-नऊ इंच खोल असतात, म्हणजे पाणी उडत नाही. मामा म्हणाले, "आधी घरची डोणी बघा, मग माप सांगा." म्हणून बयाणा देऊन आम्ही अंबडची वाट धरली.

अंबडला टेकडीवर मत्स्योदरी देवीचे ठाणे. टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून देवी मत्स्योदरी. तिचे दर्शन घेऊन पुढे गेलो. या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि जायकवाडीचा डावा कालवा तालुक्यातून जातो. पण आमची सासुरवाडी कालव्याच्या वरच्या अंगाला. पाणी डोळ्यांना दिसते, शेतात येत नाही.

सासूबाईंचे वय पंच्याऐंशी. वाड्याचा पुढचा सोपा पडला, मागचा शाबूत आहे. परसदारी, लिंबाच्या झाडाजवळ, ती डोणी. अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि जेमतेम वीतभर खोल. पूर्वी ती विहिरीवर बैलांसाठी होती. बैल गेल्यावर घराकडे आली. कडा हातांनी घासून गुळगुळीत झालेल्या, तळाला अर्ध्या बोटाचा उतार, आणि कोपऱ्यात एक भोक, त्याला चिंधी गुंडाळलेले लाकडी बूच.

संध्याकाळी मी नुसता बसून पाहत राहिलो. सासूबाईंनी बूच लावले, दीड कळशी पाणी ओतले. आधी भाजी धुतली. ते पाणी एका घमेल्यात काढून म्हशीपुढे ठेवले. मग नवे पाणी थोडेसे. आधी पेले आणि फुलपात्री, मग ताटे, मग भाजीची पातेली, सगळ्यांत शेवटी तेलकट कढई आणि तवा. राखेने घासायचे आणि त्याच पाण्यात उतरत्या क्रमाने विसळायचे. शेवटचा हात तेवढा स्वच्छ पाण्याचा. सगळे झाल्यावर बूच काढले. पाणी दगडी पन्हाळीतून आधी अळूला, तिथून कर्दळीला आणि उरलेले लिंबाच्या आळ्यात. सहा माणसांची भांडी झाली आणि एकूण तीन कळश्यांच्या वर पाणी लागले नाही. भर वैशाखात ते लिंबाचे झाड हिरवेगार होते.

"बहात्तरच्या दुष्काळात ह्या डोणीत एकच कळशी पडायची," सासूबाई म्हणाल्या. "खडी फोडायला जायचे गावातले सगळे. संध्याकाळी आलं की आधी हात धुवायचे ते डोणीवर. पाणी खाली सांडलेलं मला चालायचं नाही. ते झाड त्याच पाण्यावर जगलंय."

सौ.नी मग विषय काढला. भाऊ जालन्याला, वाड्याचा मागचा भागही केव्हातरी उतरवावा लागणार. डोणी पुण्याला न्यावी का? चार माणसे लागतील, टेम्पो लागेल, पण आजीची आठवण डोळ्यांसमोर राहील. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून विचारले, "जावईबापू, तुमच्याकडं नळाला पाणी किती वेळ असतं?"

"इमारतीवर टाकी आहे. चोवीस तास असतं."

"मग पाणी मोजायचं नसलं, तर डोणी नुसतं ओझं हो. न्यायची तर न्या, मी नको म्हणत नाही. पण आज हिच्यावर झाड जगतंय अन् म्हैस पाणी पितेय. तिकडं हिच्यावर काय जगणार?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हा दोघांपैकी कोणाजवळही नव्हते. रात्री सौ. बराच वेळ अंगणात बसून होत्या. सकाळी त्यांनी सुतळी घेतली, डोणीची आतली खोली मोजली आणि सुतळीला गाठ मारून ती कनवटीला लावली. "डोणी इथंच राहू दे," त्या म्हणाल्या. "मी माप घेऊन जाते."

सुतळीची ती गाठ नऊ इंचांच्या फॅशनला पुरून उरली. खोल सिंक बूच लावून भरले तर पन्नास लिटर पाणी मावते, म्हणून ते कोणी भरतच नाही; नळ सोडून धारेखाली भांडी धुतली जातात. साधी तोटी पूर्ण उघडली तर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जाते. पाच-सहा मिनिटांत पन्नास लिटर संपले. खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे हे २०१९ च्या जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे. म्हणजे आमच्या एका वेळच्या भांड्यांत एका माणसाचा सबंध दिवस वाहून जात होता. आत चार इंच खोली ठेवली तर काठोकाठ वीस लिटर मावते, आणि निम्म्या डोणीत चार माणसांची भांडी निघतात. उथळ पात्र पाणी कमी मागते, आणि दगड जड असल्याने मनही थोडे सावकाश चालते. काचेचा पेला दगडावर आपटून चालत नाही, हे चार दिवसांत हाताला कळते.

वाचक भगिनींपैकी कोणाला असे पात्र करून घ्यायचे असेल, तर चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. दगड घेताना लिंबू, पाणी आणि हातोडी या तीन परीक्षा घ्या. आतले कोपरे गोल करून घ्या, म्हणजे खरकटे अडकत नाही. तळाला भोकाकडे अर्धा इंच उतार हवाच, आणि भोक बाजारात मिळणाऱ्या जाळीच्या मापाचे आधीच ठरवून सांगा. नंतर दगडात भोक वाढवणे सोपे नाही. दगड आणि पाणी मिळून नव्वद किलोपर्यंत भार होतो. तेव्हा ते ओट्याला लटकवू नका, खाली विटांचे किंवा काँक्रीटचे पक्के टेकण द्या. आणि बूच मात्र विसरू नका. बूच नसलेली डोणी म्हणजे केवळ दगडाची मोरी.

आमची डोणी दहाव्या दिवशी तयार झाली. टेम्पोतून उतरवताना चार मजुरांनी आमच्या कुलाचा उद्धार केला, तो इथे देत नाही. मामांनी तिच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे जाणाऱ्या बाजूला, एक लहानसे कमळ कोरले होते. ते कोणाला दिसणार नाही हे त्यांना ठाऊक होते. विचारले, तर फोनवर म्हणाले, "पाट्यावर कोणी फूल काढू देत न्हाई सर. डोणी मोठी हुती, जागा हुती, काढलं."

सदनिकेत अळू नाही आणि म्हैस तर नाहीच. पण भाजी-तांदूळ धुतलेले पाणी आता बादलीत निघते आणि गॅलरीतल्या कुंड्यांना जाते. सासूबाईंना दिवाळीला इकडे येता आले नाही. फोनवर त्यांनी डोणी कशी दिसते हे विचारले नाही, किती पैसे पडले हेही विचारले नाही.

"पाणी कशाला जातं?" एवढेच विचारले.

"आई, लिंबाचं रोप लावलंय कुंडीत," सौ. म्हणाल्या.

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "कुंडी मोठी घे गं. लिंबाला मूळ फार लागतं."